मैदाच्या गळ्यातला कच्चा दोरा

अनोळखी नंबरावरून फोन आला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही. घरातले म्हणतात, बँकेचा असेल, कर्ज घ्या म्हणत असतील, उचला की. मी उचलते, पण आधी थोडा वेळ फोनकडे नुसती बघत बसते. कारण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या बऱ्याच मांजरांच्या गळ्यात माझा नंबर आहे. मांजर हरवलं, सापडलं किंवा आणखी काही झालं, तर पहिला फोन मला येतो. आणि पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला कधीच माहीत नसतं.

मांजरांचे पट्टे हा काही आमचा खानदानी धंदा नव्हे. आम्ही पटवेकरी. सोनार दागिना घडवतो, पण साजाची पानं, बोरमाळेचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या आपोआप गळ्यात राहत नाहीत. त्या दोऱ्यात ओवायच्या, गाठी मारायच्या, मागं गोंडा करायचा, हे काम आमचं. याला गाठवणं म्हणतात. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, एका दुकानाच्या पायरीवर माझे सासरे बसायचे, त्यांच्यामागं अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई बसल्या, आणि त्यांच्यामागं मी. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताणायचा, मेण फिरवायचं आणि ओवत जायचं. एवढी वर्षं ताण सोसून माझा अंगठा आता बाकीच्या बोटांपासून फटकून राहतो. चपला घ्यायला गेलं की दुकानदार आधी त्याच्याकडं बघतो, मग माझ्याकडं.

गळ्यातला दोरा तुटणं ही साधी गोष्ट नसते. तुटला असं कुणी म्हणतसुद्धा नाही, ‘वाढला’ म्हणतात. बाई पदर गळ्याशी आवळून धावत यायची. नवरा गाडी घेऊन बेंगळुरूला गेलेला असला तर मग विचारूच नका. आम्ही आधी तिच्या गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा घालायचो, म्हणजे काम होईपर्यंत गळा मोकळा राहायला नको. मग पाणी द्यायचो. मग मणी उलगडायचो. मी पटवेकऱ्याची मुसलमान सून, पण कोल्हापुरातल्या किती बायांच्या गळ्यात मी हळकुंड बांधलं असेल, देव जाणे. ही भीती रोज समोर येऊन बसायला लागली की आपल्या हातात उतरते.

म्हणून अम्मांचा वरवंटा. नवं रीळ आलं की त्यातला दोरा पिळायचा, गाठ मारायची, खुंटीला लावायचा आणि खाली मसाल्याचा वरवंटा टांगायचा. दुपारभर टिकला तरच तो दोरा कुणाच्या गळ्यात जायचा. “टुट्या तो नाम गया,” अम्मा बजावायच्या.

नाव काही गेलं नाही. उलट इतकं झालं की माझ्या डोक्यात गेलं. कोल्हापुरातले अर्धे संसार माझ्याच दोऱ्यावर लटकलेत अशा थाटात मी गुजरीतून चालायचे. एकदा एक बाई सांगत आली, लेकरू तुम्ही गाठवलेल्या बोरमाळेला धरून लोंबकळलं, पण माळ काही तुटली नाही. ही गोष्ट मी महिनाभर दिसेल त्याला ऐकवली. त्या बाईच्या मानेचं काय झालं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. काय ते ध्यान होतं! आज समोर आलं तर मीच त्याला पायरीवरून खाली ढकलीन.

बापू आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवतात. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनीला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी तेव्हा पंचावन्न उलटलेली कार्टी. एका दुपारी बापू गुजरीत आले आणि रुमालाची पुरचुंडी माझ्यापुढं ठेवली. आत काळे मणी.

“सुमनचं हायती,” ते म्हणाले. “वाट्या लेकीला दिल्या. मणी कोन घेतंय?”

“मग काय करू याचं, बापू?”

“मैदाला पट्टा करा की.”

मैदा म्हणजे गिरणीतली मांजर. गिरणी म्हटल्यावर उंदीर आले आणि उंदीर म्हटल्यावर मांजर हवंच. सुमनवहिनीनं पिलू असताना तिला आणलं, दूध पाजलं, नाव ठेवलं. दिवसभर पिठात लोळून ती पांढरीफेक असायची. अंग झटकलं की ढग उठायचा.

“मांजराच्या गळ्यात मंगळसूत्राचे मणी?” मी म्हटलं. “लोक काय म्हणतील?”

“लोकं दळण टाकून जात्यात. मांजराकडं कोन बघतंय?” मग जरा थांबून म्हणाले, “आन् भाभी, पट्टा तुटला न्हाय पायजे. सुमनचं दोनच ऱ्हायलंय माझ्याकडं. ह्ये मणी आन् ती मैदा. दोन्हीतलं काय बी हरवायचं न्हाय मला.”

“बापू, माझा दोरा तुटला तर नाव बदलीन मी.”

घ्या. बोलून मोकळी.

पट्टा मात्र देखणा झाला. रेशमी पीळ, दुहेरी मेण, मधे काळे मणी, एक घुंगरू आणि पितळेची लोंबती चकती. चकतीवर मैदाचं नाव आणि माझा फोन नंबर कोरून घेतला. बापूंचा नंबर घालून उपयोग नव्हता. गिरणी चालू असली की त्यांना समोरचं माणूस ऐकू येत नाही, फोन कुठला? पट्टा खुंटीला लावून मी वरवंटा टांगला. हललासुद्धा नाही. मी स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेले होते. बायांची रांग, डबे ओळीनं, हवेत पीठ, आणि तो आवाज. त्या आवाजात शेजारचीच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. एका भिंतीला रिकाम्या पोत्यांची थप्पी आणि तिच्या कडेला वर लोखंडी आकडा, जुना तराजू टांगायचा. मैदा नेहमी थप्पीवर बसलेली असायची. मी सहज वर बघितलं. थप्पीवर ती नव्हती. बाजूला आकड्याखाली काहीतरी पांढरं हलत होतं. मला वाटलं पिठाची पिशवी टांगलीय, मोटारीनं हादरतेय.

मग त्या पिशवीला पाय दिसले.

थप्पीवरून उडी मारताना पितळेची चकती आकड्यात गुंतली होती. मैदा गळ्यानं लोंबकळत होती. मागचे पाय हवेत सायकल मारावी तसे चालले होते, तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडातून काही निघत असलं तरी आम्हाला ऐकू येत नव्हतं. घुंगरू वाजत असणार. तेही नाही. किती वेळ ती आमच्या डोक्यावर अशी ओरडत होती, आणि आम्ही खाली ज्वारीचा भाव बोलत होतो, कुणाला ठाऊक.

मी धावले. आणि काय केलं? पट्टा धरून खाली ओढला. तुटावा म्हणून! माझाच दोरा, आणि मी त्याच्याशी झटत होते. जितकं ओढीन तितका तो तिच्या मानेत रुतत होता. नखं लावली. गाठ सुटेना. दात लावले. मेणाची चव तोंडात आली. तिचे पाय हळू झाले. कात्री गुजरीत पायरीवर राहिली होती.

“भाभी! खाली न्हवं!” बापू धावत येऊन माझ्या कानाशी ओरडले. “वर! वर उचला तिला!”

गिरणीचं बटण बंद करूनच ते आले होते. पोत्यांवर चढले आणि मैदाच्या पोटाखाली हात घालून तिला वर उचललं. चकती आकड्यातून आपसूक निघाली. एवढंच करायचं होतं. वर उचलायचं. पण ज्या बाईला जन्मभर दोरा ताणायचीच सवय, तिला वर उचलणं कुठून सुचणार?

गिरणीचे दगड एकदम थांबत नाहीत, घरघरत घरघरत थांबतात. ती घरघर विरत गेली आणि शेवटी इतकं शांत झालं की रांगेतल्या बायांचे श्वास ऐकू यायला लागले. मैदाचा नाही. बापूंच्या हातात ती ओल्या फडक्यासारखी पडली होती. पोतं फाडायची सुरी आणून मी पट्टा कापायला लागले, तर पातं आत शिरेना. शेवटी कसंबसं टोक घुसवलं. रेशीम एकेक पीळ करत तुटलं आणि मणी जमिनीवरच्या पिठात विखुरले. बापूंनी तिच्या नाकावरचं पीठ फुंकलं. पुन्हा फुंकलं. मी बघू शकत नव्हते आणि नजर हटतही नव्हती.

मैदा शिंकली.

मग तिनं बापूंच्या मनगटावर असा काही पंजा मारला की रक्त आलं, आणि बापू रडायला लागले. रांगेतल्या बायांनी चाळण्या घेतल्या आणि खाली बसून पीठ चाळायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. पीठ खाली, मणी वर. मी मात्र भिंतीला टेकून उभी.

बापू मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी निघताना एवढंच म्हणाले, “तुमचा दोरा लई पक्का हाय, भाभी.”

खरंच कौतुकानं म्हणाले हो. आयुष्यभर याच वाक्यासाठी मी जीव टाकला होता. त्या दिवशी ते ऐकून मला दरदरून घाम फुटला.

मैदाला दाखवायला नेलं ती जनावरांची डॉक्टरीण माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिनं मला शाळेतल्या मुलीसारखं समोर बसवलं. “भाभी, कुत्र्याचा पट्टा धरायला असतो. मांजराचा सुटायला हवा. मांजर फटीत शिरतं, फांदीवरून उडी मारतं, ग्रीलमधून जातं. कुठंही अडकलं तर त्याच्याच वजनानं पट्टा सुटायला हवा.” बाजारात असे झटक्यासरशी उघडणाऱ्या क्लिपचे पट्टे मिळतात, तेही तिनं दाखवले. इलॅस्टिकचा घेऊ नका म्हणाली. तो ताणतो, मग मांजराचा पुढचा पाय त्यात जातो आणि काखेत आवळून बसतो. पट्टा आणि मान यांच्यामधे दोन बोटं सहज जावीत, जास्त नको, कमी नको. चकती लोंबती नको, नंबर पट्ट्यावरच सपाट हवा. आणि पट्टा पडला तरी ओळख राहावी म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवता येते, यंत्र फिरवलं की नंबर दिसतो. सुईचं नाव ऐकून बापू म्हणाले, “मागनं बघू.” एवढा धिप्पाड माणूस, पण मांजराच्या वाटची सुई त्यालाच टोचली.

मी घरी आले आणि उलटं शिकायला बसले. सुती पट्टी, त्यावर नंबर भरतकामानं, आणि मागं एका जागी जोड फक्त कच्च्या सुताचा. पीळ नाही, मेण नाही. परीक्षाही उलटी. मैदाच्या वजनाइतकं पीठ पिशवीत भरायचं, पट्ट्याला टांगायचं, आणि पिशवी पडली तर पास. पहिल्यांदा पिशवी पडली तेव्हा माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. सुनेनं स्वयंपाकघरभर पसरलेलं पीठ बघितलं आणि म्हणाली, “अम्मीजान, तुम्ही आता दुसरा छंद बघा.” मी वरवंटा उचलून तिच्या हातात दिला. म्हटलं, आता मसालाच वाट यानं.

पट्टा घेऊन बापूंकडं गेले. “हा सुटणारा आहे. मणी घातले तर एक दिवस जातील, हे आत्ताच सांगते.”

बापू बराच वेळ चाळण झटकत राहिले. मी तेवढ्यात दोनदा म्हटलं, मणी घरी ठेवा, डब्यात ठेवा.

“डब्यात ठिवून काय करू?” ते म्हणाले. “घाला. गेलं तर गेलं.”

मग हळूहळू लोक यायला लागले. एका तालमीच्या फुटबॉल टीममधला पोरगा आला, त्याच्या तिन्ही मांजरांना टीमच्या रंगाचे पट्टे हवे होते, आणि ते सुटणारे नकोत. “आमचा रंग गळ्यातनं पडला तर मॅच जाईल की ओ!” मी त्याच्या समोर पिठाची पिशवी टांगून पाडली, शर्टभर पीठ उडालं, मग विचारलं, “ही पिशवी की तुझं मांजर?” गुमान घेऊन गेला. एक बाई सुटलेला पट्टा मुठीत धरून आली, चेहरा अगदी मंगळसूत्रवाल्या बायांसारखा. “भाभी, तुटला की! आता काय व्हायचं?” मी विचारलं, “मांजर घरी आलं?” म्हणाली, “आलंय, झोपलंय.” “मग पेढे आण.” तिला वाटलं माझं डोकं फिरलंय.

पण हे सगळं शहाणपण घरात बसून. खरी परीक्षा मागच्या पावसाळ्यात झाली.

गिरणीतला कोंडा कागलला एका गोठ्यावर जातो. टेम्पो येतो, पोती भरतो, जातो. एक दिवस टेम्पो गेला आणि त्यानंतर मैदा दिसेना. बापूंनी माळा बघितला, गटारं बघितली, आम्ही पेठभर फिरलो. बाहेर पाऊस धो धो. आणि मग माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“कोन बोलतंय?” बाईचा खणखणीत आवाज.

“तुम्ही कोण?”

“मी कागलातनं शेवंता. मांजराचा पट्टा घावलाय. त्येच्यावर तुमचा नंबर हाय.”

“आणि मांजर?”

“मांजर न्हाय. निस्ता पट्टा. आमच्या गोठ्याच्या तारंला अडकलाय.”

पट्टा सुटण्यासाठीच केला होता. तो सुटला होता. पण हातात नुसता पट्टा आला की तो का सुटला, हे पट्टा सांगत नाही.

“रक्त वगैरे...?”

“बघती हां... न्हाय दिसत. पर पावसानं समदं धुतलंय बघा.”

“कुत्री आहेत का तिथं?”

“गोठा म्हटल्यावर कुत्री असणारच की, पावणं.”

बापूंनी भर दुपारी गिरणी बंद केली. बाया डबे घेऊन ताटकळल्या. एसटीत बापू खिडकीशी बसले. वाटेत त्यांनी विचारलं, “भाभी, पट्टा सुटला म्हंजी चांगलं की वाईट?”

“चांगलं,” मी म्हटलं. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

शेवंताबाईंनी तार दाखवली. काटेरी कुंपण. पट्ट्याचा जोड बरोबर तिथंच सुटला होता जिथं सुटायला हवा. मण्यांची ओळ अर्धी रिकामी. कुंपणापलीकडं हायवे, ट्रकमागून ट्रक. बापूंनी हायवेकडं बघितलं. मीही बघितलं.

“कसलं हाय मांजर?” शेवंताबाईंनी विचारलं.

“पांढरं,” आम्ही दोघं एकदम.

“पांढरं न्हाय दिसलं बया कुठं. योक काळं आलंय, म्हशीच्या दुधावर टपून. जवळ गेलं की पळतंय.”

आम्ही त्या काळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते छपराच्या वाशावर बसून आमच्याकडं टक लावून होतं. आम्ही गंजीमागं वाकलो, ट्रॉलीखाली वाकलो, चिखलात पांढरं काही दिसतंय का शोधत राहिलो. प्रत्येक वेळी वाकताना मला भीती वाटायची की दिसेल.

शेवटी बापू गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. तिथं दुधाचं एक रिकामं माप होतं. ते उलटं धरून त्यांनी जमिनीवर टक्, टक्, टक् आपटलं. गिरणीत दूध ओतण्याआधी सुमनवहिनी तसं आपटायची, मग बापू आपटायला लागले.

वाशावरचं काळं मांजर धपकन खाली आलं आणि थेट बापूंच्या मांडीवर चढलं.

“तू न्हवं गं बाई,” बापू त्याला खाली ठेवत म्हणाले. ते पुन्हा चढलं. बापूंनी पुन्हा उतरवलं. डोळे अजून कुंपणावर. तिसऱ्यांदा ते चढलं तेव्हा मी त्याला उचलायला गेले आणि बोटाला मानेभोवती काहीतरी खरखरीत लागलं. बघते तो केसांत पांढरं कडं. कडक, वाळलेलं. पीठ! पट्ट्याखाली साठलेलं पीठ पावसात भिजून खळ झालं होतं आणि वाळून बसलं होतं. बाकी अंग पावसानं धुतलं, उरलंसुरलं तिनं चाटून साफ केलं. पण स्वतःची मान कुठल्याच मांजराला चाटता येत नाही.

“बापू, ही मैदा आहे.”

“मैदा पांढरी हाय, भाभी.”

“बापू, तुमची मैदा जन्मात कधी आंघोळ करून बाहेर पडलीय का?”

बापूंनी तिच्याकडं बघितलं. मग त्या कड्यावरून बोट फिरवलं, पूर्ण गोल, अगदी हळू. मग तिला शर्टाच्या आत घातलं आणि वरचं बटण लावलं. शेवंताबाई म्हणाल्या, “मणी हितंच पडलं असतील की. हुडकू का?”

“ऱ्हाऊ देत,” बापू म्हणाले. “म्हशींला दिलं म्हणा.”

एसटीत ते माप त्यांच्या हातातच राहिलंय हे आमच्या लक्षात आलं. ते नंतर धुऊन, पेढे भरून शेवंताबाईंना परत पाठवलं. परतीच्या वाटेतच मैदाला चिपही बसवली. सुई टोचताना बापू बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी दळण घेऊन गेले तेव्हा मैदा पुन्हा पांढरी होऊन थप्पीवर बसली होती. आकडा बापूंनी पहिल्याच वेळी भिंतीतून उपटून टाकला होता. गिरणी जोरात चालू, बायांची रांग. मी खुणेनं विचारलं, पट्टा कसा करू? बापूंना मी काय म्हणतेय कळलं, पण मला त्यांचं कळेना. मग त्यांनी तोंडाशी हात धरून, दगडांच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं,

“उरल्यालं मणी घाला! आन् तुटंल असं करा!”

गुजरीत एवढी वर्षं बसले. असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. रांगेतल्या बाया दचकून वळल्या. एकीचा हात तर थेट गळ्यावर गेला. तिचं मंगळसूत्र मीच गाठवलेलं. मी तिच्याजवळ गेले, कानाला तोंड लावलं आणि ओरडले,

“तुझं नाही गं, मांजराचं!”